चादरीचं दुसरं टोक

२ मार्च

ताई,

पत्राच्या वर काय लिहायचं असतं ते गुरुजी शिकवत होते तेव्हा मी शाळेच्या मागच्या भिंतीवर बसलो होतो, म्हणून एकदम सुरुवात करतो. मी बरा आहे. दोन वेळा गरम जेवण मिळतं, झोपायला खाट आहे, खाटेला चारही पाय आहेत. आई काळजी करत असेल तर एवढं तिला वाचून दाखव. बाकीचं तू वाच. नाहीच वाचलंस तरी फाडू नकोस, खूप वेळ लागलाय लिहायला.

न सांगता निघालो त्याला सात महिने झाले. कुठं आहे ते लिहीत नाही. पाकिटावरच्या शिक्क्यावर जाऊ नकोस. आमच्या गाडीचा ड्रायव्हर वाटेत जे गाव लागेल तिथं पत्र टाकतो.

काम धुलाईच्या कारखान्यात आहे. हॉस्पिटलच्या, हॉटेलांच्या, बोटींवरच्या चादरी. मी इस्त्रीच्या रुळांवर असतो. एकीकडून ओली चादर आत सोडायची, दुसरीकडून ती पापडासारखी कडक होऊन येते. वाफ इतकी असते की तासाभरात सगळ्यांची तोंडं एकाच रंगाची होतात. आपल्या घराण्याला ह्याहून सोयीचा कारखाना शोधून सापडणार नाही! शाळेत पोरं आपल्याला ‘भेसळ’ म्हणायची, आठवतं? तू रडत घरी यायचीस आणि मी मारामारी करून. डोंगरातल्या घोडेवाल्या आजोबांचे डोळे, मिठागरातल्या आजीचा रंग, सुतार आजोबांचं नाक, आणि वर बोटीतून आलेल्या परदेशी आजीचे ते स्प्रिंगासारखे केस. तुझ्यात सगळं नीट बसलं. माझ्यात नुसतंच कोंबलंय.

काल रेडिओवर तुझं गाणं लागलं. तेच, परदेशी आजीचं. ओळ संपता संपता तू थांबतेस ना, सगळे म्हणतात गाणं तुटलं की काय, आणि मग हळूच उचलतेस, तिथं रुळांवरच्या बायकासुद्धा थांबल्या. मी कुणाला सांगितलं नाही की ही माझी बहीण. सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता. माझं तोंड पाहिलंयस ना?

आणि भांडणाचा विषय मी काढत नाही, पण एकच लिहितो. आजी कप्तानाची मुलगी होती हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं. तू तालमीला जायचीस, मी शाळा चुकवून तिच्याजवळ बसायचो, तेव्हा. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं. आजही हो म्हणतो.

तुझं शेंडेफळ


१९ मार्च

ताई,

तुझं उत्तर येणार नाही हे माहीत आहे, पत्ताच दिला नाही. तरी रोज ड्रायव्हरला विचारतो. तो म्हणतो, “अरे शहाण्या, हवेतून येणार आहे का?”

आमच्या इथं एक मुकादमीण आहे. सगळे तिला मोठीबाई म्हणतात, उंची माझ्या कोपराएवढी. यंत्राच्या आवाजानं एक कान गेलाय, दुसऱ्यानं मात्र तिला नको तेवढं ऐकू येतं. मला ती लांबूडका म्हणते. गेल्या आठवड्यात घडीचं यंत्र बंद पडलं आणि तिनं सगळ्यांना जोड्या करून हातानं घड्या घालायला उभं केलं. मला म्हणाली, “तू माझ्या समोर. नवीन माणसाला चादर झेपत नाही.”

चादर लांबीत दुमडली, परत दुमडली, मग माझ्याकडच्या टोकानं तीन पदर केले आणि शेवटचा कोपरा आतल्या खिशात खोचला. तूही तशीच घालतेस. आजीची घडी. ती माडीवरून चादर खाली बाबांच्या अंगावर फेकायची आणि घडी उलगडायची नाही. आपण सगळ्यांना सांगायचो, मोठ्या घरची पद्धत आहे म्हणून.

मोठीबाई माझ्या हाताकडे बघतच राहिली.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“आजीनं.”

“कुठं कामाला होती?”

“कामाला कशाला असेल? कप्तानाची मुलगी होती ती.”

ताई, ती इतकी हसली की तिला गठ्ठ्यावर बसावं लागलं. म्हणाली, “कप्तानाच्या मुली चादरी मळवतात रे बाबा. घड्या आम्ही घालतो. तो खोचलेला कोपरा आहे ना, तो बोटीवर गठ्ठे फेकताना सुटू नयेत म्हणून. आमच्याच कारखान्यात घालतात तसा. दुसरीकडं मला कुठं दाखव, मी नोकरी सोडते.”

मी म्हटलं, घड्या काय, कुणीही कशाही घालतं, आणि विषय बदलला. अजून एक गोष्ट झाली घडी घालताना. पण ती आज नको.

तुला सर्दी असेल तर गरम पाण्याच्या गुळण्या कर. रेडिओवर परवा मुलाखतीत आवाज बसल्यासारखा वाटला.

तुझाच


२ एप्रिल

ताई,

आता लपवण्यात अर्थ नाही. कारखान्यासमोरच्या भिंतीवर तुझं चित्र लागलंय, दोन माणसांच्या उंचीचं. डोक्यावर ती कप्तानाची टोपी. खाली तारीख, २८ एप्रिल.

होय, मी ह्याच बंदरात आहे. आजीच्या पत्र्याच्या पेटीवर ज्याचं नाव होतं, तिथंच.

मी का आलो ते नंतर. आधी हे सांग, तुला त्यांनी काय कळवलंय? इथं तर गावभर तेच चाललंय. स्वागत समितीनं टेकडीवरचं एक घर हेरलंय. एका जुन्या कप्तानाचं. त्याला एक मुलगी होती, तिचा पुढं कुठं काही उल्लेख नाही, म्हणजे ती तुझीच आजी, असं त्यांनी ठरवून टाकलंय. दाराला हिरवा रंग दिलाय. दगडी पाटी तयार झालीय, ड्रायव्हरनं पाहिली. तू त्या पायरीवर उभी राहून आजीचं गाणं म्हणणार, मग पाटीवरचा कपडा ओढणार. तो कपडा धुलाईला आमच्याकडेच आलाय, ही गंमत बघ.

बंदराच्या दप्तरातल्या कारकुनानं पेपरात लिहिलं होतं ना, असा कुणी कप्तान नाहीच, आणि गाण्याची भाषाही जगात कुठली नाही, सगळी बनवाबनवी आहे? त्याचं तोंड आता बंद होईल. टीव्हीवरच्या त्या बाईसमोर तू मान ताठ करून म्हणालीस, “माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलत नाही.” तेही खरं ठरेल. तू मला घरी बोलावशील, आई गोडाचं काही करेल, आणि तू माझ्या पाठीत एक धपाटा घालशील.

मला फक्त गप्प बसायचंय. गप्प बसायला शिक्षण लागत नाही.

चार दिवस बसलो. जेवण जात नाही.

तुझा


८ एप्रिल

ताई,

आज रविवार आहे, कारखाना बंद आहे, वाफ नाही, सबब नाही.

आजीनं मला कप्तानाबद्दल कधीच काही सांगितलं नाही. एक शब्दसुद्धा नाही. ते मी बनवलं.

कसं ते सांगतो. तो पहिला पत्रकार आला होता तेव्हा तू आत गात होतीस, बाहेर लाल दिवा होता. मी दाराशी बसलो होतो, तुझी पाण्याची बाटली सांभाळत. त्यानं आधी गोड गोड विचारलं, हा गळा कुठून आला, केस कुठून आले. मी म्हटलं, आजी बंदरातून आली होती. तर हसला. म्हणाला, “बंदरातल्या बायका म्हणजे कशा, ते काय सांगायला हवं?” आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी त्याची मान धरणार होतो. पण आत तुझं पहिलंच रेकॉर्डिंग चालू होतं आणि तू बजावलं होतंस, आज मारामारी करायची नाही. हात बांधलेले, मग तोंड सुटलं. “कप्तानाची मुलगी होती माझी आजी! नीट लिही!”

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. तू विचारलंस, “खरं का रे?” तुझ्या चेहऱ्यावर असा काही उजेड होता ताई, की मला नाही म्हणवेना. लहानपणापासून ‘भेसळ’ ऐकत आलेली तू. मला वाटलं, एवढं एक तुझ्याकडे असू दे. मग तू टोपी आणलीस. मग गाणं आलं. मग ते माझ्या हातातून गेलं.

पुढं कारकुनाचं ते पेपरात आलं, त्या दिवशी तू दार लावून घेतलंस आणि म्हणालीस, “एकदाच सांग, आजी म्हणाली होती ना?” मी हो म्हटलं आणि पहाटे पळालो. तुला वाटलं असेल रागावून गेला. मी कप्तान शोधायला आलो होतो. म्हटलं, एखादा तरी सापडेल. खोटं बोलून झालंय, आता नेऊन खऱ्याला चिकटवू. आहे की नाही माझं डोकं?

आता जे सापडलं ते ऐक.

घडी घालताना झालेली ती गोष्ट. मोठीबाई चादर ओढता ओढता गुणगुणत होती. आजीचं गाणं. मी म्हटलं, रेडिओवरून शिकलात? ती भडकलीच. “रेडिओ काल आला. हे माझ्या आईचं आहे. घडीचं गाणं आहे ते.” तिनं मला एकेक ओळ समजावून दिली. पहिला शब्द उत्तरेकडच्या मासेवाल्यांचा, म्हणजे पकड. दुसरा कुठल्या बेटावरचा, म्हणजे ओढ. तिसरा झटक. चौथा शब्द माझ्या ओळखीचा निघाला, ताई. घोडेवाल्या आजोबांच्या बोलीत घोडीला ‘थांब’ म्हणायचे तोच. त्या काळी कारखान्याच्या माळ्यावर पोरी राहायच्या, दर बोटीतून उतरलेल्या, एकीचं बोलणं दुसरीला कळायचं नाही. पण चादर तर दोघींनी धरावी लागते. मग जिला जो शब्द येत होता तो तिनं गाण्यात टाकला आणि सगळ्यांनी उचलला. कारकून बरोबरच म्हणाला, ती कुठलीच एक भाषा नाही.

आणि तुझं ते थांबणं, ज्याच्यावर मोठमोठ्या लोकांनी लेख लिहिले? ते चालण्यासाठी आहे. चादर झटकली की दोघी आपापली टोकं धरून एकमेकींकडे चालत येतात. दोन पावलं. तेवढा वेळ गाणं गप्प. समोरासमोर आल्या की शेवटची ओळ, आपण जिला बाळाचं नाव समजत होतो ती. तिचा अर्थ, ‘तुझं टोक माझ्या हातात दे.’

आजी आपल्याला गाद्या घालून झाल्यावर ते म्हणायची, म्हणून आपण त्याला अंगाई म्हणत बसलो. तिच्या समोर धरायला दुसरं कुणी नव्हतं ना. चादरीचं ते टोक ती खाटेच्या दांडीला अडकवायची. आठवतं?

जेवणघराच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. बायकांच्या जोड्या, मध्ये चादरी. पूर्वी मी तिकडं पाठ करून जेवत होतो. मोठीबाईनं बोट ठेवलं. “ही माझी आई. आणि ही तिची जोडीदारीण. एका बोटीवरच्या सुताराबरोबर गेली. आई मरेपर्यंत तिला शिव्या घालत होती, म्हणायची, मेली अर्धी घडी माझ्या हातात ठेवून गेली.” खाली नावं नाहीत. नुसतं ‘जोडी क्रमांक ९’. ती जोडीदारीण म्हणजे तू आहेस, ताई. कपाळावर घामानं चिकटलेले केस, हनुवटी पुढं, फोटोवाल्यावर रागावल्यासारखी. तिचे आईबाप कुठले ते मोठीबाईला ठाऊक नाही. तिच्या आईला एवढंच माहीत होतं की पोरगी सहा वर्षांची असताना बोटीतून उतरली आणि तेव्हाच तीन भाषांत भांडू शकत होती. म्हणजे आपण समजतो त्याहून जास्त भेसळ आहोत.

आणि टेकडीवरच्या कप्तानाची मुलगी अकराव्या वर्षी तापानं गेली. कागदावर नसेल, मोठीबाईच्या आईला माहीत होतं. तिच्या चादरी धुवायला आल्याच नाहीत, अंगणात जाळल्या. तू पाटीवरचा कपडा ओढशील तो त्या लेकराच्या अंगावरून ओढशील. हे एक मला गिळवत नाही. दुसरं म्हणजे फोटोतली आपली आजी. ती कायमची नुसती नऊ नंबर राहील.

हे पत्र तू वाचून सगळ्यांना सांगितलंस तर लोक तुला हसतील. पेपरवाले सोडणार नाहीत. तेव्हा सरळ माझं नाव घे. म्हण, भाऊ अडाणी आहे, थापाड्या आहे. दोन्ही खरंच आहे. नाही सांगितलंस तरी मी कुठं तोंड उघडणार नाही. तुझ्याशी एकदा खोटं बोललो तेवढं पुरे, आता तुझ्याविरुद्ध खरं बोलणार नाही.

खाली पत्ता लिहिलाय. आमचं दार मागच्या बोळात आहे. वाफेच्या पाइपाखालून वाकून यावं लागतं.

तुझा थापाड्या


२९ एप्रिल

ताई,

तुझी बोट आत्ता सुटली. भोंगा ऐकला. तू काल एवढी कमी बोललीस की उरलेलं मला लिहावं लागतंय.

मी टेकडीवर आलो नव्हतो. धाडस झालं नाही. कारखान्यात थांबलो, मोठीबाईनं टीव्ही लावला आणि आवाज इतका वाढवला की यंत्रं लाजली. तू आलीस तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. तेवढ्यावरूनच कळलं, पत्र पोचलं.

तू पायरीवर चढलीच नाहीस. खाली रस्त्यावर उभी राहून म्हणालीस, “हे घर माझं नाही. इथं एक मुलगी राहायची, ती लहानपणीच गेली. तिचं घर तिला असू द्या. माझी आजी खाली बंदरात चादरींच्या घड्या घालायची.” समितीच्या अध्यक्षाचा चेहरा नीळ जास्त झालेल्या कपड्यासारखा झाला होता. मागून कुणीतरी ओरडलं, “मग आजवर खोटं का सांगितलंत?” मी म्हटलं, आता माझं नाव येणार. मी आपला रुळामागं सरकलो.

आणि तू म्हणालीस, “आमच्या घरात माझ्यावर फार जीव असलेलं एक माणूस आहे. त्याला चांगलं खोटं बोलता येत नाही. मीच विश्वास ठेवला, कारण मला ते हवं होतं.”

एवढंच. माझं नाव नाही, काही नाही. मोठीबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “वाफ गेली वाटतं डोळ्यात?” मी म्हटलं, हो.

लोक काय म्हणतायत ते तुला माहीतच असेल. पेपरात आज दोन्ही आहे. एकानं ‘फसवणूक’ म्हटलंय, दुसऱ्यानं तो फोटो छापलाय. तू घाबरू नकोस. सकाळपासून आमच्या दाराशी तीन म्हाताऱ्या येऊन गेल्या. तिघी म्हणतात, फोटोत आमची आईपण आहे, बघू द्या. एकीनं तर तुझ्या गाण्यातला पाचवा शब्द चुकीचा आहे म्हणून मला झापलं.

पण मला लिहायचं होतं ते संध्याकाळचं. तू पाइपाखालून वाकून आलीस आणि तरी डोकं आपटलंच. सगळ्या बायका उभ्या राहिल्या. मला वाटलं आता धपाटा. तू मला ओळखही दाखवली नाहीस. सरळ टोपलीतून एक चादर काढलीस, एक बाजू माझ्याकडं फेकलीस आणि उभी राहिलीस.

मोठीबाईनं सुरुवात केली, मग बाकीच्यांनी. पकड. ओढ. तुझी ओढ कसली, मी पुढंच आलो! झटक म्हटल्यावर तू चादर माझ्या तोंडावर झटकलीस, ते मुद्दाम होतं, मला कळलं. मग गाणं थांबलं. एवढी यंत्रं बंद असली की तिथं किती शांत असतं ते मला ठाऊक नव्हतं. दोन पावलं. तू अगदी समोर आलीस. इतक्या वर्षांनी मी तुला एवढ्या जवळून पाहिलं. तुझ्या डोळ्यांखाली काळं झालंय. तू कुणालाही ऐकू जाणार नाही असं म्हणालीस, “गाढवा, नऊ महिने.”

आणि माझ्या हातातलं टोक घेतलंस.

तुला पाहिजे होती म्हणून ती चादर तुला दिली. गठ्ठ्याला चिठ्ठी लावल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही, म्हणून मोठीबाईनं तिच्या हातानं चिठ्ठी लावलीय. तू गडबडीत पाहिली नसशील. बघ, काय लिहिलंय.

जोडी क्रमांक ९.

मी पुढच्या महिनाअखेरीस निघतो. तोवर ती उलगडू नकोस. उलगडायला दोघं लागतात.

तुझं शेंडेफळ